कोल्ड स्टोरेजमधल्या मेणबत्त्या

आमच्या घरात वीज तयार करणारा माणूस होता आणि घर मात्र मेणबत्त्यांवर चालायचं. नाना एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर ऑपरेटर होते. नाशिकरोडला जेलरोडच्या आतल्या गल्लीत आमच्या तीन खोल्या होत्या. दिवे गेले की गल्लीतून पहिली हाक आमच्याच दाराशी यायची, "अहो, साहेबांना सांगा ना बटण दाबायला!" साहेब आत दुधात भाकरी कुस्करत बसलेले असायचे. या विनोदाला ते एकदाही हसले नाहीत. आई हसायची, कारण तिचा धंदाच मुळी अंधारावर होता. ती घरी मेणबत्त्या ओतायची.

मागच्या खोलीत दोन स्टोव्ह, मेणाच्या पांढऱ्या लाद्यांचा ढीग आणि ॲल्युमिनियमचे चार साचे असत. सकाळी साच्याला आतून तेलाचा बोळा फिरवायचा, सूत ताणून भरायचं, वितळलेलं मेण ओतायचं आणि साचा पाण्याच्या टबात गार व्हायला ठेवायचा. मेण वितळवायचं पातेलं आई नेहमी पाण्याच्या घमेल्यात ठेवायची, थेट आचेवर नाही. हे तिला कोणी शिकवलं ते मला माहीत नाही, पण त्याबाबत ती कडक होती. साचा उघडताना जो टक् असा आवाज व्हायचा, तो ऐकत मी लहानाची मोठी झाले. मेणाचा वास केसांना, दप्तराला, कधी कधी पोळ्यांनाही लागायचा. शाळेत माझं नावच मेणबत्ती पडलं होतं. मी होतेही तशीच, उंच, फिकट आणि डोक्यावर केसांची एक बट कायम उभी.

मेणबत्तीबद्दल प्रत्येकाला सगळं माहीत असतं, हे मला फार लवकर कळलं. गल्लीतल्या बायका मेणबत्ती घ्यायला येत आणि ज्ञान देऊन जात. वातीच्या बुडाशी चिमूटभर मीठ टाका, दुप्पट जळते. फुंकर मारून विझवू नका, घरात भांडणं होतात. वात कापू नका, मेणबत्तीचं आयुष्य कमी होतं. हे शेवटचं तर आईसुद्धा खरं मानायची. म्हणून आमच्या घरच्या मेणबत्त्या लांब वाती घेऊन धूर ओकत जळायच्या आणि छताला काळे गोल उमटायचे. नाना एकदा कात्रीनं वात अर्धी करून म्हणाले होते, "आता बघ, धूर बंद." आईनं कात्री हातातून काढून घेतली. धूर बंद झाला होता, पण ते मान्य कोण करणार!

आज हे आठवायचं कारण तसं किरकोळ आहे. परवा भाचीच्या मुलीनं काचेच्या भांड्यातली एक महागडी वासाची मेणबत्ती आणली आणि थेट फ्रीजमध्ये नेऊन ठेवली. मोबाइलवर कुणीतरी सांगितलंय म्हणे, गार केली की जास्त वेळ जळते. मी ती बाहेर काढली. ती म्हणाली, "आजी, तुला काय माहीत?" मी मेणबत्ती टेबलावर ठेवली. बोलायला बसले असते तर पिंपळगावच्या मामापासून सुरुवात करावी लागली असती.

विलासमामा आईचा पाठचा भाऊ. पिंपळगाव बसवंतला तेव्हा नवीनच एक कोल्ड स्टोरेज झालं होतं आणि मामा तिथे द्राक्षांच्या पेट्या आत-बाहेर करणाऱ्यांवर मुकादम होता. त्या थंड खोल्यांनी त्याला अक्षरशः वेड लावलं होतं. जानेवारीत तोडलेली द्राक्षं महिन्यानंही ताठ कशी राहतात, देठ हिरवा कसा राहतो, हे तो हात हलवून हलवून सांगायचा. थंडीत ठेवलं की काहीही टिकतं, असं त्याचं ठाम मत झालं होतं. मामा आला की घरात आवाज वाढायचा, आई दोनदा चहा टाकायची आणि मला हसू आवरायचं नाही. नानांना मात्र तो आला की पेपर वाचायची हुक्की यायची.

दरवर्षी फेब्रुवारीत नाशिकरोडला चर्चची मोठी यात्रा भरते. मखमलाबादच्या कमळाबाई, म्हणजे घरच्या मळ्यातली शेवंती आणि झेंडू विकणाऱ्या बाई, त्या यात्रेत हार आणि मेणबत्त्यांचं दुकान मांडायच्या. मेणबत्त्या आमच्याच. आदल्या वर्षी त्या यात्रेनंतर आल्या आणि उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "लोकं नावं ठेवत्यात गं. लावली का संपली. फुडल्या साली बी अशीच निघाली तर मी मुंबईचा माल आणीन, सांगून ठिवते." आईचा चेहरा उतरला. तिच्या हातच्या मेणबत्तीला कोणी नाव ठेवलेलं तिला सहन व्हायचं नाही. नाना आतून म्हणाले, "उघड्या मैदानात वाऱ्यावर लावतात. वारं लागलं की ज्योत एका बाजूला झुकते, मेण ओघळून वाया जातं. मेणबत्तीचा काय दोष त्यात?" बरोबर तेच होतं. पण कमळाबाईंना वारं कसं थांबवणार?

मामानं उत्तर आणलं. संक्रांतीच्या आदल्या रविवारी आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. शेवभाजी, बाजरीची भाकरी आणि कांदा. मामा म्हणाला, "ताई, तुझ्या मेणबत्त्या मला दे. महिनाभर गारठ्यात ठिवतो द्राक्षांसंगं. आमच्याकडं लाइट गेली तवा हापिसात लावली व्हती एक, आतली. लय जळली! दीडपट!"

"कशावरून दीडपट?" नाना म्हणाले.

"डोळ्यांनी बघितली ना दाजी."

"डोळ्यांनी." नाना भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "घड्याळ नव्हतं? का तेही गारठलं? विलास, तू पेट्या उचल. डोक्याचं काम दुसऱ्याला करू दे."

मामा हसला, पण त्याचा घास हातातच राहिला. आईनं ताट सरकवलं आणि उठली. त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही कुणाशी बोलली नाही. माहेरचं माणूस आपल्याच घरात, आपल्याच ताटावर लहान केलं गेलं, याचं दुःख काय असतं ते तेव्हा मला कळत नव्हतं. पण मामाचा तो थांबलेला हात मला दिसत राहिला आणि नानांचा राग आला. खरंच खूप राग आला.

शेवटी नानांनीच तोड काढली. त्यांना भांडणापेक्षा मोजमाप बरं वाटायचं. कामावर ते तासातासाला आकडे लिहायचे, तीच सवय घरातही होती. त्यांनी माझ्या जुन्या वहीत रेघा मारल्या. एका रकान्यात वेळ, दुसऱ्यात थंड मेणबत्तीची उंची, तिसऱ्यात साधीची, आणि शेवटी शेरा. एकाच साच्यातल्या, एकाच दिवशी ओतलेल्या दोन मेणबत्त्या घेतल्या. त्यातली एक मामानं आठवडाभर कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवून डब्यात बर्फासकट आणली. "शेजारी ठिवायच्या नाहीत," मामा म्हणाला, "एकीची धग दुसरीला लागंल." म्हणून थंड मेणबत्ती स्वयंपाकघरात आणि साधी मधल्या खोलीत ठेवली. नानांनी मधल्या खोलीची खिडकी स्वतः लावली, खिट्टी दाबून पाहिली, दोन्ही ज्योती पेटवल्या आणि दुसऱ्या पाळीला निघून गेले. मामालाही टेम्पो गाठायचा होता. जाताना माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाला, "सुमे, तुझ्या हातात हाय बघ समदं."

मी दोन्ही खोल्यांच्या मधल्या दारात बसले. इकडे मान वळवली की एक ज्योत, तिकडे वळवली की दुसरी. पहिला तासभर दोन्हींच्या उंचीत काडीचाही फरक नव्हता. मी पट्टीनं मोजायचे, लिहायचे आणि पुन्हा मोजायचे. मामा हरणार होता. रविवारी पुन्हा जेवायला बसल्यावर नाना काय बोलतील, हे मला आत्ताच ऐकू येत होतं. आई जात्याजवळ तांदूळ निवडत बसली होती. ती दर थोड्या वेळानं विचारायची, "किती झाली?" मी सांगायचे, "सारखीच आहे." मग ती पुन्हा खाली बघायची. थोड्या वेळानं म्हणाली, "गिरणीतून दळण घेऊन ये. मी बघते तोवर."

मी दळण घेऊन आले तेव्हा मधल्या खोलीची खिडकी अर्धी उघडी होती. ज्योत भिंतीकडे झुकली होती आणि मेण एका बाजूनं ताटलीत ओघळत होतं. आई पुन्हा तांदूळ निवडत होती, पाठ माझ्याकडे. मी तिथे उभी राहिले. खिडकी लावायला चार पावलं होती. खिट्टी ढिली असेल, वाऱ्यानं उघडली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. वारं लागलं की काय होतं हे मला नानांनीच सांगितलं होतं. मी दळणाचा डबा ठेवला, दारात जाऊन बसले आणि मोजत राहिले. साधी मेणबत्ती तासभर आधी संपली. मी सगळे आकडे नीट लिहिले. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, काही नाही.

नाना कामावरून आल्यावर त्यांनी वही दोनदा वाचली. मला वाटलं आता विचारतील. पण ते एवढंच म्हणाले, "पोरीनं मोजलंय ना? मग ठीक आहे. विलासचं बरोबर निघालं." पुढच्या रविवारी त्यांनी मामाला स्वतःहून पाणी दिलं. आईनं पुरणपोळी केली. मामानं मला द्राक्षांची एक अख्खी पेटी आणली होती आणि मी त्यातला एकही मणी खाऊ शकले नाही. दात दुखतोय म्हणून सांगितलं.

मग पंधरा दिवस आईनं दिवसरात्र ओतलं आणि मामानं सगळा माल टेम्पोतून नेऊन त्या थंड खोलीत, द्राक्षांच्या पेट्यांमागे रचला. यात्रेला पाच दिवस उरले तेव्हा तो परत आला. आईनं पहिलं खोकं उघडलं आणि तिचा हात तसाच थांबला. मेणबत्त्या घामेजल्या होत्या. गारठ्यातून एकदम उन्हात आल्यामुळे प्रत्येकीवर पाण्याचे थेंब होते, अंगावर बारीक तडे होते आणि वाती ओल्या. एक लावली तर तडतड करून विझली. दुसरीही तशीच. वास मेणाचा नव्हता, द्राक्षं टिकावीत म्हणून पेटीत घालतात त्या औषधी कागदाचा होता. मामा म्हणाला, "उन्हात ठिवू, वाळतील." आई म्हणाली, "तडे वाळत नाहीत रे." संध्याकाळी तिनं ठरवलं, सगळ्या वितळवायच्या आणि नव्यानं ओतायच्या.

दुसऱ्या दिवशी नाना पहिल्या पाळीला गेले होते. मी शाळा बुडवली. मामाही थांबला होता. अपराध्यासारखा तो खोकी उचलून देत होता. वेळ थोडा होता म्हणून आईनं आयुष्यात पहिल्यांदा घमेलं बाजूला ठेवलं आणि पातेलं थेट स्टोव्हवर चढवलं. मेणबत्त्या पुसायलाही आम्ही थांबलो नाही, ओल्याच मोडून टाकत गेलो. मेण वितळलं. थोड्या वेळानं पातेल्याच्या तळाशी साचलेल्या पाण्याची गुडगुड सुरू झाली. मेण वर येऊ लागलं, दूध उतू जातं तसं. आई म्हणाली, "हे काय गं?" आणि कडेनं मेण स्टोव्हवर सांडलं. जाळ पातेल्यावर चढला.

कोणी ओरडलं नाही. ते अजून आठवतं, कोणीच ओरडलं नाही. आई पातेलं बाजूला करायला दोन्ही हात पुढे करून वाकली. मामानं टबातून तांब्या भरला. त्याच क्षणी मला नानांचं एक वाक्य आठवलं, कधीतरी जेवताना कुणाचं लक्ष नसताना बोललेलं: मेण म्हणजे तेलच, त्याला पाणी नाही, झाकण घालायचं. मी तोंड उघडलं आणि मामानं पाणी टाकलं. पाणी पडताच पातेल्यातून एक लोळ छतापर्यंत गेला. आई मागे पडली. तिचा उजवा हात कोपरापर्यंत मेणानं माखला होता आणि त्या मेणाला अजून ज्योत होती. मी चादर तिच्या हातावर टाकली, दाबली, मग परात उचलली आणि पातेल्यावर पालथी घातली. स्टोव्हची हवा सोडली. परातीखाली थोडा वेळ खदखदलं आणि मग शांत झालं. छतावर एक नवीन काळा गोल होता, आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठा.

शेजारच्या काकू टूथपेस्ट घेऊन धावत आल्या. मी त्यांना ढकललं आणि आईचा हात नळाखाली धरून ठेवला. आई एवढंच म्हणत होती, "ओरडू नको विलासवर. कोणी ओरडू नका त्याच्यावर." मामा भिंतीला टेकून बसला होता, तांब्या हातात तसाच.

दवाखान्यातून संध्याकाळी घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, हात वाचेल, चामडी राहणार नाही पहिल्यासारखी. आई मधल्या खोलीत खाटेवर पडली होती, हात उशीवर. नाना पायथ्याशी खुर्चीवर बसले. मामा उंबऱ्याच्या आत यायला तयार नव्हता, दाराबाहेर चपला घालूनच उभा होता. मला वाटत होतं त्यांनी ओरडावं, मामाला हाकलावं, काहीही करावं. ते म्हणाले, "सुमे, ती वही आण."

मी वही आणली. नानांनी पान काढलं. बोट पहिल्या तासाच्या आकड्यावरून खाली नेलं. दुसऱ्या तासापाशी बोट थांबलं. बॉयलरवर आयुष्य काढलेला माणूस, आकडा एकाएकी कुठे वळतो हे त्याला दिसणारच. पहिल्या वेळी त्यांना ते दिसलं नव्हतं की त्यांनी बघायचं टाळलं होतं, हे मी त्यांना कधीच विचारलं नाही.

"इथून पुढं साधी मेणबत्ती धावत सुटली," नाना म्हणाले. "शेऱ्यात काही नाही. वारं होतं का, सुमे?"

मी मान खाली घातली.

"तिला नका विचारू," आई खाटेवरून म्हणाली. "तिला मी दळणाला पाठवलं होतं. खिडकी मी उघडली."

मी चमकून वर पाहिलं. खिट्टी ढिली नव्हती तर. इतके दिवस रात्री उशीत तोंड घालून मी जे एकटीचं म्हणून सोसत होते, ते निम्मं तिचं होतं. मला रडू फुटलं. मी म्हणाले, "मला दिसली होती उघडी. मी लावली नाही. मला पण मामाच जिंकायला हवा होता."

नानांनी आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं. दोन गुन्हेगार, एक खाटेवर आणि एक खाली. मग त्यांची नजर दाराकडे गेली. मामानं सगळं ऐकलं होतं. त्या घरात थंड मेणबत्तीवर मनापासून विश्वास ठेवणारा तो एकटाच होता, आणि त्याच्यासाठी आम्ही दोघी खोटं बोललो होतो; ते खोटं निभावायला आईनं सगळा माल थंडीत पाठवला होता. त्यानं चपला काढल्या. आत आला, खाटेजवळ उकिडवा बसला आणि आईच्या चांगल्या हाताला धरून म्हणाला, "ताई, मी हरलो असतो तरी चाललं असतं गं. दाजी हसले असते, मी बी हसलो असतो. एवढंच ना?"

आई दिवसभरात रडली नव्हती, पट्टी बांधतानाही नाही. तेव्हा रडली.

नाना उठले. मला वाटलं बाहेर जातील. ते मागच्या खोलीत गेले आणि तिथूनच त्यांचा आवाज आला, "विलास, घमेलं कुठं ठेवलंय? आणि आधी सगळ्या पुसून घ्यायच्या, एकही ओली राहता कामा नये." त्यांनी दोन दिवस रजा टाकली. आई खाटेवरून सांगायची, नाना ओतायचे, मामा एकेक मेणबत्ती फडक्यानं कोरडी करायचा आणि मी सूत भरायचे. वाती मात्र नानांनी सगळ्या आखूड कापल्या आणि या वेळी आईनं कात्री मागितली नाही. कमळाबाईंना अर्धाच माल देता आला. त्यांनी आईचा हात बघितला, खोकं उचललं आणि जाताना शेवंतीची एक वेणी खाटेवर ठेवून गेल्या. पुढच्या वर्षी दुकानाला वाऱ्याच्या बाजूनं ताडपत्री लावली त्यांनी, नानांनी सांगितल्याप्रमाणे. मुंबईचा माल काही आला नाही.

नाना आता नाहीत. मामाही नाही. आई आहे, माझ्याकडेच असते, त्याच तीन खोल्यांत. तिचा उजवा हात कोपरापर्यंत गुळगुळीत आणि चकचकीत आहे, आणि भाचीच्या मुलीला तो हात फार आवडतो. त्या हाताबद्दल तिनं अजून काही विचारलेलं नाही, पण त्या फ्रीजच्या प्रकारानंतर विचारेल असं वाटतं. वही माझ्या कपाटात आहे. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलेलं 'काही नाही' नानांनी त्याच रात्री खोडलं आणि त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं, 'खिडकी उघडी होती.' कोणी उघडली, कोणी पाहिली, ते लिहिलं नाही.

अजूनही अधूनमधून दिवे जातात. मी मेणबत्ती शोधते, काडी ओढते. ज्योत उभी राहायच्या आत आई काठी टेकत उठते, भिंतीला धरून मधल्या खोलीच्या खिडकीपाशी जाते आणि त्या भाजलेल्या हातानं खिट्टी लावते. मी तिला बस म्हणत नाही. ती परत येऊन बसेपर्यंत थांबते आणि मग मेणबत्ती तिच्यासमोर ठेवते.